शैलजाचा मेंढीकोट

शैलजा उपासनी पत्ते खेळायला बसली की तिची भिडू मी असायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझा स्वार्थ होता. मला हरायला आवडत नाही. 'खेळात हारजीत चालायचीच' असं म्हणणाऱ्यांबरोबर मी पत्ते खेळत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी मेंढीकोट असायचा. चौघं जण, दोन जोड्या. दश्शी म्हणजे मेंढी. ज्या जोडीने जास्त मेंढ्या पकडल्या ती जिंकली, आणि चारही पकडल्या तर कोट. कोट झाला की पुढचा आठवडाभर समोरच्यांना चिडवायचा हक्क मिळायचा. एका बाजूला मी आणि शैलजा, दुसऱ्या बाजूला माझा नवरा त्र्यंबक आणि त्याच्या ऑफिसातला सत्यजित. शैलजाचा नवरा जगन्नाथ पत्त्यांत अगदीच ढ, त्यामुळे तो चहा करायचा. चहा मात्र फक्कड करायचा.

शैलजा मूळची नागपूरची. कोबॉल या जुन्या कॉम्प्युटर-भाषेतली पक्की प्रोग्रॅमर. दोन हजार साल उजाडताना जगभरचे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून जी धांदल उडाली होती, ती निस्तरायला तिच्या कंपनीने तिला न्यू जर्सीत आणलं आणि ती इथलीच झाली. कुणाच्या हातातून कोणतं पान गेलं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असायचं. असं असूनही आम्ही दोघी जिंकायचो त्यापेक्षा हरायचो जास्त. त्र्यंबक आणि सत्यजितचं नशीबच जोरावर आहे असं मी समजून चालले होते.

मग तिचे डोळे जायला लागले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, औषध नाही. आधी रात्रीचं ड्रायव्हिंग बंद झालं, मग सगळंच ड्रायव्हिंग, आणि २००२च्या उन्हाळ्यात समोरच्या स्क्रीनवरची अक्षरं गेली तशी नोकरीही सुटली. ती रडली असेल, पण माझ्यासमोर नाही. शुक्रवारी ती जगन्नाथचा हात धरून यायची आणि पहिल्याच दिवशी तिने पिशवीतून ब्रेलचे ठिपके उठवलेले पत्ते काढून टेबलावर ठेवले.

आम्ही खेळलो त्या पत्त्यांनी. पण पंचेचाळिसाव्या वर्षी ब्रेल शिकणारी बोटं काही एका महिन्यात तयार होत नाहीत. ती एकेक पान चाचपायची, पुन्हा चाचपायची. प्रत्येकाने टाकलेलं पान तोंडाने सांगायचं असं ठरलं होतं, ते आम्ही विसरायचो, मग तिला विचारावं लागायचं. एका शुक्रवारी अशीच ती पान शोधत होती.  त्र्यंबक अगदी प्रेमाने म्हणाला, "वहिनी, तुम्ही आरामात खेळा. आम्ही थांबतो."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. माझा नवरा भला माणूस आहे. पण शैलजाने हातातली पानं पालथी ठेवली, जगन्नाथला हाक मारली आणि म्हणाली, "तू बस माझ्या जागी." त्यानंतर ती सोफ्यावर बसायला लागली. चहा घ्यायची, आमच्या गप्पा ऐकायची, हसायची. जगन्नाथ माझा भिडू झाला. त्याने एकदा स्वतःच्याच भिडूचा, म्हणजे माझा, एक्का हुकमाने मारला. त्या दिवशी मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

गाडीतून घरी जाताना जगन्नाथने तिला म्हणे विचारलं की सोफ्यावर बसून तुला कंटाळा येत असेल, शुक्रवार कॅन्सल करू का. ती म्हणाली, कॅन्सल नको, मला परत टेबलावर बसायचंय. पण माझ्यासाठी कुणी थांबणार असेल तर नाही. दुसऱ्या दिवशी जगन्नाथने हे मला फोनवर सांगितलं. त्यामुळे पुढे तिने जे केलं ते कशासाठी, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर ती एव्हाना सराईत झाली होती. स्क्रीनवरचं सगळं तो तिला इंग्रजीत भराभरा वाचून दाखवायचा, इतकं भराभर की मला एक शब्द कळायचा नाही. इंटरनेटवर तिला एक गट सापडला होता. नुसत्या आवाजावर चालणारे खेळ करणाऱ्या आणि खेळणाऱ्या अंध लोकांचा. कुणी मोटारींची शर्यत केली होती, कुणी राक्षस मारायचा खेळ. मेंढीकोट अर्थातच कुणी केला नव्हता. तो आपण करायचा असं तिने ठरवलं. कोबॉल यासाठी उपयोगाची नव्हती. तिच्यात बँकेचे हिशेब होतात, पत्त्यांचा आवाज निघत नाही. म्हणजे नवी भाषा शिकायला हवी होती.

कोणती, यावर आमच्या घरी एका शुक्रवारी जेवताना जे काही झालं त्याला चर्चा म्हणणं कठीण आहे. सत्यजित म्हणाला, "गेम म्हटलं की सी प्लस प्लस, यार, बाकी सगळा टाइमपास." त्र्यंबकचं पोट जावा भाषेवर चालतं, त्यामुळे तो जावाच्या बाजूने भांडला. दोघांनी एकमेकांच्या भाषेचे असे वाभाडे काढले की आमटी गार झाली. ज्या बाईला शिकायचं होतं तिला कुणी विचारलंच नाही. ती शांतपणे जेवत होती. मी दोघांवर ओरडले तेव्हा कुठे ते थांबले.

शैलजाने पुढचे काही महिने एकेक भाषा स्वतः चाखून पाहिली. तिच्या गटातले बरेच जण व्हिज्युअल बेसिकमध्ये काम करत होते. तिने तीही शिकायला घेतली, तर कळलं की तिच्या जुन्या आवृत्तीचे दिवस भरत आले आहेत आणि नवी आवृत्ती जवळजवळ वेगळीच भाषा आहे. मरणाऱ्या भाषेशी आपला एकदा संसार झालाय, पुन्हा नको, असं ती मला म्हणाली. जावामध्ये तिला एक साधं 'नमस्कार' म्हणवून घ्यायला इतकं लिहावं लागलं की ती वैतागली. सी प्लस प्लसमध्ये कंस. महिरपी कंस उघडायचा, त्याच्या पोटात आणखी एक, त्याच्या पोटात आणखी एक. कॉम्प्युटर कानात सारखा 'लेफ्ट ब्रेस, राइट ब्रेस' ओरडत राहायचा आणि कुठला कंस कुणाचा हे आठवता आठवता मूळ गोष्टच विसरायला व्हायची.

उरली पायथॉन. फुकट मिळणारी, मोजकं लिहायला लावणारी, कंसांचा फार पसारा नसलेली. पण गटातल्या लोकांनी तिला निक्षून सांगितलं की या भाषेच्या वाटेला जाऊ नकोस. कारण पायथॉनमध्ये ओळ कुठून सुरू होते यावर तिचा अर्थ ठरतो. डावीकडे किती जागा मोकळी सोडली यावर कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात हे ठरतं. आणि मोकळी जागा ऐकू कशी येणार? डोळस माणसांनी डोळस माणसांसाठी केलेली भाषा आहे ती, असं एकाने लिहिलं होतं.

ते वाचून शैलजा मोठ्याने हसली. मी तेव्हा तिच्याकडेच होते, वेस्ट विंडसरला, त्यांच्या नव्या घरी. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "अगं, हे लोक कोणाला सांगून राहिलेत? कोबॉलमध्ये आठव्या रकान्याच्या आधी पाऊल टाकलं की प्रोग्रॅम बंद. पंधरा वर्षं मी रकाने मोजूनच लिहिलंय. मोकळी जागा मला दिसायची नाही तेव्हाही, ती मोजावीच लागायची."

तिने पायथॉन घेतली. बाकीचे लोक प्रत्येक पायरीला चार जागा सोडतात. ती एकच सोडायची. बोलणाऱ्या कॉम्प्युटरला तिने प्रत्येक मोकळी जागा उच्चारायला लावली. त्यामुळे ओळीच्या आधी 'स्पेस' किती वेळा म्हटलं यावरून तिला कळायचं की आपण किती खोल आहोत. ते ऐकून माझं डोकं उठायचं. ती मात्र शिकत होती. वाचलं, लिहिलं, चुकलं, पुन्हा लिहिलं. ओहायोतला एक अंध गृहस्थ, पियानो दुरुस्त करणारा, ईमेलवर तिच्या शंका सोडवायचा आणि पुढे तिच्या शंका त्याच्यापेक्षा अवघड व्हायला लागल्या. एवढं बोलकं, एवढं भांडखोर रूप मी तिचं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं. तिच्या घरून परतताना मी गाडीत मोठ्याने गाणी म्हणायचे आणि माझा आवाज कसा आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

तोच आवाज तिला हवा होता. सगळी पानं मराठीत कुणीतरी बोलायला हवी होती, कारण इंग्रजी आवाजाच्या तोंडून 'किलवर तिर्री' ऐकवत नव्हतं. तिने मला माइकसमोर बसवलं. का, तर म्हणे तुझा आवाज कितीही गोंधळात ऐकू येतो. मी ही स्तुती समजून घेतली आणि इस्पिकच्या एक्क्यापासून चौकटच्या दुर्रीपर्यंत सगळी पानं म्हणून दिली. तिने ती अशी बसवली की डावीकडच्याने टाकलेलं पान डाव्या कानात ऐकू यायचं, उजवीकडच्याचं उजव्या, आणि भिडूचं दोन्ही कानांच्या मधोमध. डोळे मिटले की टेबल दिसायचं. बाण असलेल्या कळांनी आपली पानं ऐकत पुढे जायचं, हवं ते सापडलं की एंटर. स्क्रीन पूर्ण काळा. चित्र एकही नाही. मी म्हटलं, डोळसांसाठी थोडी चित्रं टाक की. ती म्हणाली, त्यांना कान नाहीत का?

मधल्या काळात सत्यजितला व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, डेटा सेंटरमध्ये मोठी नोकरी लागली आणि तो गेला. आमचा शुक्रवार मोडला. तिघांत मेंढीकोट होत नाही आणि जगन्नाथला कुणी पूर्ण माणूस धरत नव्हतं. मग शैलजाने ठरवलं की खेळ इंटरनेटवरून खेळता यायला हवा, तीन घरांतून. हा भाग तिला एकटीला झेपेना. तिने सत्यजितला फोन केला आणि त्याने सी प्लस प्लसचा अभिमान गिळून पायथॉन शिकून घेतली. बरी आहे तशी, एवढंच तो म्हणाला. त्याच्याकडून हे फार झालं.

माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचे मला पैसे मिळतात आणि तो माझ्या स्वभावाला मानवणारा धंदा आहे. त्यामुळे शैलजाचा खेळ तपासायचं काम माझ्याकडे आलं. एका शनिवारी तिच्याकडे खेळून पाहताना मी बदाम दश्शी टाकली. पुढच्या हाताला पाहते तर बदाम दश्शी माझ्याकडेच. पुन्हा टाकली. पुन्हा हातात. एकाच डावात मी ती दश्शी तीनदा खेळले आणि खरं सांगते, तक्रार करावीशी वाटेना. पण केली.

बाकी तिन्ही रंग नीट होते, फक्त बदामच्या पानांनी हा घोळ घातला होता. शैलजाने सगळा प्रोग्रॅम ऐकला. पुन्हा ऐकला. इंग्रजी आवाज 'बडॅम, बडॅम' म्हणत होता आणि कानाला सगळं बरोबर लागत होतं. आठवडा गेला. ती कातावली होती. गटातल्या कुणाकुणाला पाठवलं असतं, पण मराठी नावं घातलेला तिचा प्रोग्रॅम त्यांना काय कळणार. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा जगन्नाथने मला हळूच सांगितलं, ती म्हणते आहे की हे एवढंसुद्धा सापडत नसेल तर सोफाच बरा.

मी तिच्या शेजारी बसले, स्क्रीनकडे पाहिलं, आणि मला दिसलं. एका नजरेत. मी तोंड उघडलं तशी तिने माझा दंड धरला.

"सांगू नकोस."

"अगं, पण एवढंसं आहे—"

"म्हणूनच सांगू नकोस, नीला. आज तू सांगशील. उद्या असंच पुन्हा होईल तेव्हा कोण सांगेल? मला परत कोणीतरी येईपर्यंत थांबायचं नाहीये."

मी गप्प बसले. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल याची कल्पना करा. मी स्वयंपाकघरात जाऊन जगन्नाथने निवडलेली मेथी पुन्हा निवडली.

 शैलजा टाइप करायला लागली. तिने पायथॉनमध्येच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, दहा-बारा ओळींचा. त्याचं काम एवढंच की खेळाच्या प्रोग्रॅममध्ये आलेलं प्रत्येक नाव वेगळं काढायचं आणि ते किती वेळा आलं ते सांगायचं. एखादं नाव एकदाच आलं असेल तर ते घुसखोर. तिने तो चालवला. कॉम्प्युटर एकेक नाव वाचत गेला आणि एका ठिकाणी म्हणाला, बडॅम, एकदा. लगेच पुढचं, बडॅम, एकोणीस वेळा. तिने त्या पहिल्याचं एकेक अक्षर म्हणवून घेतलं. बी, ए, डी, ए, ए, एम. मग दुसऱ्याचं. बी, ए, डी, ए, एम.

एक 'ए' जास्त. खेळलेलं पान वगळून उरलेले बदाम पायथॉन या दोन 'ए'वाल्या नावाच्या नव्या डब्यात ठेवत होती, आणि हातातला डबा होता तसा भरलेलाच राहत होता. चूक आहे असं पायथॉन बोलायलाही तयार नव्हती, कारण तिच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं होती.

"जगन्नाथ!" शैलजा ओरडली. मी मेथी टाकून धावले. मागे एकदा तिचं मनगट दुखत होतं तेव्हा ती सांगत गेली होती आणि त्याने टाइप केलं होतं, हे आता बाहेर आलं. जगन्नाथ दारात उभा राहून सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पण बदाममध्ये 'दा' आहे ना? 'द' नाही. मग दोन 'ए' नकोत का?" उच्चाराच्या दृष्टीने त्याचंच बरोबर होतं, आणि त्यामुळे आम्हाला जास्तच हसू आलं. शैलजा तर डोळे पुसत होती. तो घुसखोर शोधणारा प्रोग्रॅम तिने लगेच गटातल्या सगळ्यांना पाठवून दिला. ओहायोच्या पियानोवाल्याने लिहिलं की त्याच्या तीन वर्षं जुन्या खेळातली चूक त्याला त्याच दिवशी सापडली.

२००५च्या मार्चमध्ये एका रविवारी दुपारी पहिला खरा डाव ठरला. सत्यजित अ‍ॅशबर्नला, शैलजा वेस्ट विंडसरला, मी एडिसनला वरच्या खोलीत आणि त्र्यंबक खाली तळघरात, म्हणजे मला त्याची पानं दिसू नयेत. बोलायला चौघांचा एकत्र फोन लावला होता. शैलजा फोनवर फार बोलत नव्हती. जगन्नाथने मला नंतर सांगितलं की तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पहिला डाव आम्ही हरलो. दुसऱ्यातही तेच व्हायला लागलं. त्र्यंबककडे ज्या रंगाचा एक्का असायचा, नेमका तोच रंग सत्यजित टाकायचा. मी चरफडत होते. त्र्यंबकला सर्दी झाली होती बहुतेक, अधूनमधून खोकत होता. दुसरा डाव संपला आणि मी काही बोलायच्या आत शैलजाचा आवाज आला, अगदी गोड.

"भाऊजी, खोकल्याचं औषध घ्या बरं. एकदा खोकलात की इस्पिक आणि दोनदा खोकलात की बदाम, हे मला कळलं. किलवरसाठी घसा खाकरता, तेही कळलं. चौकटचं अजून लक्षात यायचंय."

 मग सत्यजितला हसू आवरेना. हसता हसता त्याने सगळं ओकून टाकलं. वर्षानुवर्षं आमच्या टेबलावर बदामसाठी कान, इस्पिकसाठी नाक, किलवरसाठी चष्मा, चौकटसाठी बोटातली अंगठी चाललं होतं. माझा नवरा टेबलाखाली नाही, टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत खाणाखुणा करत होता आणि मला दिसत असून दिसलं नव्हतं. मी वरून त्र्यंबकला जे काही ऐकवलं त्याला फोनची गरज पडली नाही.

तिसरा डाव बिनखोकल्याचा झाला. आणि तेव्हा कळलं की खाणाखुणा काढून घेतल्यावर त्या दोघांकडे फारसं काही उरत नाही. शैलजाला प्रत्येक पान आठवत होतं, कुणाकडे काय उरलंय हे ठाऊक होतं. तिची बोटं कळांवरून सरसर जात होती. तीन मेंढ्या आमच्याकडे आल्या. चौथी, बदाम दश्शी, शैलजाच्याच हातात होती. शेवटून दुसऱ्या हाताला मी बदाम एक्का टाकला. सत्यजितने राणी दिली. माझ्याच किनऱ्या आवाजात, दोन्ही कानांच्या मधोमध, मी ऐकलं: बदाम दश्शी. टाकली आणि या वेळी ती गेली, परत आली नाही. 

आता त्र्यंबकचं पान राहिलं होतं. तो हुकमाने मारू शकला असता तर कोट हुकला असता. फोनवर त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. बाण दाबतोय, पानं ऐकतोय, पुन्हा मागे जातोय. दोनच पानं हातात, पण काळ्या स्क्रीनसमोर माणूस पुरता भांबावला होता. "एक मिनिट हं," तो म्हणाला, "मघाशी माझं पान हुकमाचं होतं की बदामचं, ऐकू आलं नाही नीट."

 मग शैलजा बोलली. तिच्या आवाजात हसू होतं आणि टोमणा बिलकुल नव्हता.

"भाऊजी, तुम्ही आरामात खेळा," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."